लपून राहण्याची अट
(निर्वासित आणि कायदा : लेखांक सातवा)

मागील लेखांकात १९५१ च्या निर्वासितविषयक करारातील पाच कारणांचा, म्हणजे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व आणि राजकीय मत यांचा, परिचय करून दिला होता. या यादीत लैंगिक कलाचा, म्हणजे व्यक्तीला कोणत्या लिंगाच्या व्यक्तीविषयी आकर्षण वाटते याचा, उल्लेख नाही. जन्मतः नोंदलेल्या लिंगाहून स्वतःची ओळख वेगळी असणाऱ्या पारलिंगी व्यक्तींचाही नाही. करार घडवणाऱ्यांपैकी ब्रिटनसारख्या देशांत पुरुषांमधील समलिंगी संबंध तेव्हा दंडनीय गुन्हा होते, हे ध्यानात घेता तसा उल्लेख अपेक्षितही नव्हता. या व्यक्तींना पुढे जागा मिळाली ती चौथ्या कारणात. नेदरलँड्समध्ये १९८१ मध्येच हा अर्थ मान्य झाला होता. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या वॉर्ड खटल्यात, जन्मजात किंवा बदलता न येणाऱ्या वैशिष्ट्याने जोडलेल्या माणसांचाही असा गट होतो असे सांगताना लैंगिक कलाचे उदाहरण दिले. आणि क्यूबातून आलेल्या एका समलिंगी पुरुषाच्या बाजूने १९९० मध्ये लागलेला निर्णय अमेरिकेने १९९४ मध्ये मार्गदर्शक म्हणून स्वीकारला.

तत्त्व मान्य झाले, तरी आश्रय मिळणे सोपे झाले नाही, कारण अर्ज तपासणाऱ्या यंत्रणांनी एक वेगळीच वाट काढली : अर्जदाराने मायदेशी परतून आपले खाजगी आयुष्य गुपचूप जगावे, म्हणजे त्याचा छळ होणार नाही आणि छळ होणार नसेल तर त्याला आश्रयाची गरजही उरणार नाही. धर्मामुळे छळ सोसणाऱ्याने देवघराला कुलूप लावावे, असे या यंत्रणांनी सहसा सुचवले नसते. समलिंगी माणसाला मात्र हा सल्ला वर्षानुवर्षे कायद्याच्या भाषेत दिला गेला. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने (तेथील हे सर्वोच्च न्यायालय) डिसेंबर २००३ मध्ये बांगलादेशातील एका पुरुष जोडप्याच्या प्रकरणात चार विरुद्ध तीन अशा मतांनी तो फेटाळला, आणि माणूस लपून राहतो तो बहुधा छळाच्या भीतीनेच, त्यामुळे लपणे हा भीतीच्या अभावाचा पुरावा मानता येत नाही, हे दाखवून दिले.

ब्रिटनमध्ये मात्र हे लपणे अर्जदाराला ‘बऱ्यापैकी सहन होण्याजोगे’ आहे का, ही कसोटी त्यानंतरही चालू राहिली. इराण आणि कॅमेरून येथील दोन समलिंगी पुरुषांचे अर्ज तिच्याच आधारे नाकारले गेले होते. पैकी कॅमेरूनमधील पुरुषावर, जोडीदाराचे चुंबन घेताना दिसल्यामुळे, जमावाने हल्ला केलेला होता. ७ जुलै २०१० रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने पाचही न्यायाधीशांच्या एकमताने ही कसोटी रद्द केली. या निकालात लॉर्ड रॉजर यांनी समलिंगी पुरुषाच्या मोकळ्या जगण्याचे उदाहरण म्हणून पॉप गायिकेच्या कार्यक्रमाला जाणे आणि रंगीबेरंगी मद्यपेये घेणे यांचा उल्लेख केला, आणि ही उदाहरणे ठोकळेबाज असल्याची कबुलीही तेथेच दिली. निकालात एक फट मात्र राहिली, कारण केवळ आईवडिलांना दुःख होऊ नये म्हणून किंवा लोकलज्जेपोटी जो लपेल त्याला आश्रय मिळणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. लज्जा कोठे संपते आणि भीती कोठे सुरू होते, हे अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याने कसे ठरवावे, हा प्रश्न सुटलेला नाही.

लपण्याची अट गेल्यावर वादाचे केंद्र हलले, आणि अर्जदार खरोखरच समलिंगी आहे का, यावर शंका घेतली जाऊ लागली. चेक प्रजासत्ताकात अर्जदाराला कामोत्तेजक चित्रे दाखवून शरीराचा प्रतिसाद यंत्राने मोजला जात असल्याचे युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेने २०१० मध्ये उजेडात आणले. संघाच्या न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये अशा चाचण्या, शरीरसंबंधांविषयीची तपशीलवार विचारपूस आणि त्यांच्या चित्रफिती पुरावा म्हणून घेणे निषिद्ध ठरवले. तसेच अर्जदाराने आपली लैंगिकता उशिरा सांगितली, एवढ्यावरून त्याला खोटे ठरवता येणार नाही, असेही बजावले. ज्याने आयुष्यभर ही गोष्ट जिवाच्या भीतीने दडवली, त्याने परक्या देशात पोचताच ती गणवेशातील अधिकाऱ्याला सांगावी, ही अपेक्षा मुळातच अन्यायाची होती. तरीही हंगेरीत एका नायजेरियन अर्जदाराला शाईच्या डागांत काय दिसते ते सांगायला आणि पावसातल्या माणसाचे चित्र काढायला लावून त्याच्या लैंगिकतेचा निष्कर्ष काढण्यात आला. जानेवारी २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने तोही मार्ग बंद केला.

भारतीय अर्जदारांपुढील पेच निराळा आहे. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीच्या संबंधांपुरते रद्द केल्यामुळे, कायद्याच्या भीतीवर आधारलेला युक्तिवाद त्यांना आता करता येत नाही. छळ करणारे शासनच असले पाहिजे असे नाही; कुटुंब किंवा गावकरी छळत असतील आणि पोलीस संरक्षण देत नसतील, तरीही दावा उभा राहतो, परंतु तेव्हा गाव सोडून मुंबईसारख्या महानगरात का राहत नाही, असा प्रश्न अर्जदाराला हमखास विचारला जातो. त्या प्रश्नामागील ‘अंतर्गत स्थलांतर’ या तत्त्वाचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.