बिल्डरला सवलत मिळाली, तर तुमच्या नळाचं काय?

इमारत बांधायची तर बिल्डरला महापालिकेकडे विकास शुल्क भरावं लागतं. जादा चटईक्षेत्र हवं असेल, तर वेगळा प्रीमियम. अडचण अशी की, फ्लॅट विकले जाण्याआधीच ही रक्कम खिशातून जाते. मंदीत काम तिथेच अडतं.

सरकारपुढे दोन पर्याय असतात: शुल्क पुढे ढकलायचं किंवा कमी करायचं.

कोरोनाकाळात महाराष्ट्राने दुसरा निवडला. दीपक पारेख समितीच्या शिफारशीनंतर जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने प्रीमियममध्ये ५० टक्के सवलत दिली. मुदत ३१ डिसेंबर २०२१. एक अट अशी: सवलत घेणाऱ्याने ग्राहकाचं मुद्रांक शुल्क भरायचं.

फरक इथे आहे. ढकललेलं शुल्क उशिरा का होईना, तिजोरीत येतं. माफ केलेलं येत नाही. नवीन इमारतीला पाणी, रस्ता, ड्रेनेज मात्र पहिल्या दिवसापासून लागतं.

उजनीचं पाणी काही दिवसांआड मिळणाऱ्या सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून अशी घोषणा झाली की दोनच प्रश्न विचारा: पैसे कधी येणार? आणि तोवर पाइपलाइनचा खर्च कोण करणार?