पॉइंटर पळतो, कारण जमिनीत

चार्जर लावला की पडद्यावरचा बाण थरथरतो, न दाबताच क्लिक होतं, उघडलेली फाइल मिटते. चार्जर काढला की सगळं शांत. जुना लॅपटॉप वापरणाऱ्यांच्या ओळखीची ही तक्रार. त्यावर दोन सल्ले हमखास मिळतात: टचपॅड बदला, नाहीतर बायोस अपडेट मारा. त्या दोन्हींच्या आधी भिंतीतला सॉकेट तपासावा, असं माझं ठाम मत आहे.

टचपॅड बोटाचा दाब मोजत नाही. बोटामुळे विद्युतधारितेत होणारा बदल मोजतो. वरच्या गुळगुळीत थराखाली तांब्याच्या रेघांची उभी-आडवी जाळी असते. बोट टेकलं की त्या जागेची धारिता किंचित बदलते, साधारण पिकोफॅरडच्या घरात. पिकोफॅरड म्हणजे एका फॅरडचा लाख कोटीवा भाग! जॉर्ज गर्पहाइड यांनी १९८८च्या सुमारास हे तंत्र विकसित केलं आणि १९९४मध्ये ॲपलच्या पॉवरबुकवर ते लोकांच्या हाती आलं. त्याआधी पॉवरबुकवर बोटाने फिरवायचा गोळा असे.

इतकी सूक्ष्म मोजणी चालू असताना शेजारी काय घडतं ते पाहा. चार्जर २३० व्होल्टचा पुरवठा सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून एकोणीस-वीस व्होल्टवर आणतो. या उघडझापीतून निघणारा विद्युत गोंगाट लहान कपॅसिटरांमार्फत अर्थिंगच्या तारेत सोडलेला असतो. ती तारच नसेल, तर गोंगाट लॅपटॉपच्या अंगावर राहतो. धातूच्या बॉडीवर मनगट टेकलं की झिणझिण्या जाणवतात, त्या यामुळेच. अर्थिंग तुटलेल्या यंत्राची बॉडी पुरवठ्याच्या निम्म्या, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत असते. प्रवाह मिलिअँपिअरच्या काही अंशाइतका असल्याने इजा होत नाही, पण पिकोफॅरड मोजणाऱ्या जाळीला हा कल्लोळ पुरेसा असतो. बोट नसलेल्या जागीही तिला बोट दिसू लागतं.

नाशिकचं उदाहरण घ्या. तिथे हे अर्थिंग का हुकतं? जुन्या नाशकातल्या आणि पंचवटीतल्या कित्येक वाड्यांचं वायरिंग दोनच तारांचं होतं. तिथे थ्री-पिन प्लगला कन्व्हर्टर जोडला जातो, किंवा जाड पिनच काढून टाकली जाते. जिथे तिसरी तार आहे, तिथे प्रश्न जमिनीचा. हा सगळा मुलूख बेसॉल्टचा. काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून तिच्यात अर्थिंग चांगलं लागतं. मुरमाच्या आणि कातळाच्या जागी ते कमकुवत राहतं, आणि मे महिन्यात खड्डा कोरडा पडला की आणखी ढासळतं. जुने वायरमन खड्ड्यात मीठ-कोळसा भरून उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायला सांगत, त्यामागे हेच शास्त्र आहे. अर्थिंग नसलं तरी दिवा लागतो, पंखा फिरतो. म्हणून उणीव वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. पळणारा पॉइंटर ती आधी दाखवतो. शॉक बसायची वेळ येण्याआधी मिळालेली ही सूचना मोलाची मानावी आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं. टेस्ट लॅम्प लावून अर्थिंग तपासण्याचं काम स्वतः घरी करू नये.

बॅटरीवर चालवूनही बाण पळत असेल, तर तपास आत न्यायचा. यूएसबी माऊस जोडून टचपॅड बंद केलं आणि बाण स्थिरावला, तर दोष टचपॅडचा. मग लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून पाहावं. तिथे टचपॅड नीट चाललं, तर विंडोजमधल्या ड्रायव्हरकडे बोट दाखवता येतं. बाण अजिबातच हलत नसेल, तर पॅड फंक्शन कीने चुकून बंद झालेलं असू शकतं. यंत्र सुरू होताना पॅडवर तळवा ठेवू नये, कारण त्या क्षणी पॅड ‘बोट नाही’ ही आपली आधाररेषा ठरवत असतं.

एका बाबतीत मात्र थांबून चालत नाही. पॅड वर उचललेलं दिसत असेल, क्लिक खाली जात नसेल, तर खालची लिथियम बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता आहे. कायम चार्जिंगला लावलेला लॅपटॉप आणि उन्हाळ्याचा उकाडा यात बॅटरी लवकर म्हातारी होते, आत वायू साठतो. यंत्र लगेच बंद करावं, चार्जर काढावा. बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही; कारागिराकडून काढून ई-कचऱ्यात द्यायची.

आता फर्मवेअर, म्हणजे चिपमध्येच बसवलेलं सॉफ्टवेअर; बायोस हा त्याचाच प्रकार. त्याच्या अपडेटचा उपयोग खरा आहे. टचपॅडच्या चिपमधलं फर्मवेअरच गोंगाट गाळतं, आणि काही चिप गोंगाट वाढला की मोजणीची वारंवारिता बदलून शांत पट्टा शोधतात. कीबोर्ड, पंखा, चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरचं फर्मवेअर बहुधा बायोसच्या अपडेटसोबतच येतं. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि सुरक्षित बूटसाठीच्या (सिक्युअर बूट) २०११च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६पासून संपू लागते, त्यामुळे अनेक जुन्या यंत्रांना फर्मवेअरकडे वळावं लागू शकतं.

धोका आहे तो लिहिण्याच्या पद्धतीत. बायोस बहुधा ८ किंवा १६ मेगाबाइटच्या आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये राहतो. फ्लॅशवर जुन्या मजकुरावर थेट नवं लिहिता येत नाही. आधी आख्खा ठोकळा पुसावा लागतो. पुसणं झालं आणि लिहिण्याआधी वीज गेली, तर तिथे जुनंही नसतं, नवंही नसतं. काही यंत्रांत राखीव प्रत असते, अनेक जुन्यांत नसते. बायोस पुसला की काय होतं ते जगाने २६ एप्रिल १९९९ला पाहिलं: तैवानमधल्या चेन इंग-हाऊ याने लिहिलेल्या सीआयएच व्हायरसने असंख्य संगणक ठप्प केले होते.

म्हणून वळवाच्या दिवसांत, आभाळ भरून येऊन वीज जाण्याची शक्यता असताना अपडेटला हात घालू नये. बरीच यंत्रं चार्जर जोडलेला आणि बॅटरी पुरेशी भरलेली असल्याशिवाय अपडेट सुरूच करत नाहीत. मेलेल्या बॅटरीवर ती अट चुकवण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात. त्या करू नयेत, आधी बॅटरी बदलावी. फाइल कंपनीच्याच संकेतस्थळावरून, लॅपटॉपच्या तळाशी लिहिलेल्या नेमक्या मॉडेल क्रमांकाची घ्यावी, आणि सोबतच्या बदलांच्या यादीत टचपॅड, कंट्रोलर किंवा सुरक्षेचा उल्लेख आहे का ते वाचावं.

आणि तरीही बायोस उडालाच, तर यंत्र भंगारात काढायची घाई नको. चिप-लेव्हल काम करणारे कारागीर प्रोग्रामर लावून ती चिप पुन्हा लिहू शकतात. त्यांना एवढंच सांगावं, की पुसण्याआधी चिपमधल्या मजकुराची प्रत काढून ठेवा. यंत्राचा अनुक्रमांक आणि विंडोज ८ पासूनच्या यंत्रांत कंपनीने घातलेली विंडोजची परवाना-की बहुधा त्याच चिपमध्ये असतात. प्रत न काढता दुसऱ्या यंत्राची फाइल सरसकट भरली, तर हे दोन्ही कायमचं जातं.