कामरेजचा नदीकाठ आणि जमैकाची आगगाडी

नाताळ होऊन पंधरवडा लोटला होता आणि पहाटेची थंडी अजून अंगाला झोंबत होती. अशा एका रविवारी सकाळची मिस्सा आटोपून आम्ही सुरतेतील काही कुटुंबांसमवेत कामरेजच्या नदीकाठी वनभोजनास गेलो. कामरेज हे मुंबईहून अहमदाबादेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील तालुक्याचे गाव. येथे तो रस्ता तापी ओलांडून उत्तरेस जातो. पुलावर मालमोटारींची रांग कधी तुटत नाही. परंतु काठाकाठाने थोडे आत शिरले की ऊस, केळीच्या बागा आणि संथ पाणी एवढेच दृष्टीस पडते.

बरोबरची मंडळी उधना आणि लिंबायत भागांतील, मूळची जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांची. यंत्रमागावर बारा-बारा तासांची पाळी करणारे पुरुष, घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटविणाऱ्या स्त्रिया, आणि वर्षभर गल्लीबाहेरचे मैदान न पाहिलेली मुले. त्यांत ख्रिस्ती घरे थोडी, शेजारपाजारची अधिक. सहलीला निघताना आमच्याकडे चाळ पाहतात, धर्म पाहत नाहीत.

बेत अर्थातच भरिताचा होता. एका कुटुंबाने गावाहून येताना कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा भारा आगगाडीतून आणला होता, कारण गॅसवर भाजलेल्या वांग्यास भरीत म्हणणे हा खानदेशात जवळजवळ अपराधच समजतात. काड्या पेटल्या, वांगी करपून काळी झाली, बायकांनी ती सोलून लाकडी बडगीत घातली आणि हिरवी मिरची, लसूण व शेंगदाण्यांसह कुटली. कांद्याची हिरवी पात, कोथिंबीर आणि कळण्याच्या पुऱ्या. शेजारी एक सुरती कुटुंब पोंक घेऊन बसले होते. पोंक म्हणजे आपला हुरडाच. तीच कोवळी ज्वारी, फक्त नाव बदलले आणि वर लिंबू-मिरीची शेव पडली. दोन्ही पंगतींत घडीभरात देवघेव सुरू झाली. आमच्याकडचे भरीत तिकडे गेले आणि तिकडून एकदम पाणी मागण्यात आले!

त्या दिवशी साठी उलटलेले एक गृहस्थ जेवण होईपर्यंत पाण्यात पाय सोडून बसले होते. आम्ही जवळ गेलो तेव्हा ते म्हणाले, "फादर, हाई आपलंच पानी शे." त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. तापी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, चांगदेवाजवळ पूर्णेस भेटते, भुसावळावरून प्रकाशास येते, १९७२ साली पूर्ण झालेल्या उकाईच्या धरणात क्षणभर थांबते आणि कामरेजवरून सुरतेस जाऊन समुद्रास मिळते. हा सारा प्रवास ७२४ किलोमीटरांचा. प्रकाशाजवळच्या खेड्यात ज्या पाण्यात त्यांनी म्हशी धुतल्या, त्याच पाण्यापाशी ते आता बसले होते. माणसेही बहुतेक नदीच्याच वाटेने आली. सुरत आणि जळगाव यांना जोडणारा लोहमार्ग सुमारे १९०० साली तापीच्या खोऱ्यातून निघाला आणि पुढे सुरतेचे कापड वाढत गेले तसा खानदेश त्या गाडीत बसत गेला.

परंतु या सहलीविषयी सर्वांचे मत अनुकूल नव्हते. निघण्याच्या आठवड्यात एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी आम्हांस अडवून विचारले, "फादर, माणशी दोनशे रुपये जातात. तेवढ्यात पोराच्या वह्या येतात. कष्टकऱ्याला हे चोचले कशाला?" प्रश्न रास्त होता. खरे सांगावयाचे तर काही वर्षांपूर्वी आम्हीही याच मताचे होतो. तरुणांनी सहलीची परवानगी मागितली असता, छप्पर गळत असल्याचे कारण दाखवून आम्ही ती नाकारली होती. छप्पर दुरुस्त झाले. तरुण मात्र पुढे बरेच दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत.

आमचे मत पालटले ते एका दूरच्या बेटाचा वृत्तान्त वाचून. जमैका हे कॅरिबियन समुद्रातील बेट. कामरेजच्या शिवारासारखाच तेथेही ऊस आहे. भेद एवढाच की तो आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या पाठीवर उभा राहिला. त्या गुलामांस आठवड्यातून बहुधा एक रविवार मिळे. त्या दिवशी ते डोंगरउतारावरील आपल्या तुकड्यात कंदमुळे लावीत, ती बाजारात नेऊन विकीत आणि तेथेच आप्तेष्टांस भेटत. गुलामगिरी कायद्याने १८३४ साली संपली, प्रत्यक्षात १८३८ साली. त्यानंतर मळेवाल्यांनी मजूर आणले ते आपल्या हिंदुस्थानातून. १८४५ पासून १९१७ पर्यंत सुमारे ३६,००० माणसे करारावर तेथे गेली. त्यांनी नेलेली बोकडाच्या मटणाची रस्साभाजी आज तेथील लग्नकार्यात आणि मेळाव्यात नसेल तर यजमानाची अब्रू जाते.

ज्यांच्या पूर्वजांस स्वतःचा म्हणावा असा एकच दिवस होता, ते लोक त्या दिवसाची किंमत विसरले नाहीत. आजही जमैकातील कुटुंबे सुट्टीच्या दिवशी नदीवर वा समुद्रकाठी निघतात. तळलेला मासा आणि कसाव्याच्या कंदाची भाकरी, ऑलस्पाइसच्या लाकडावर धुरावलेले मसालेदार मांस, झाडाखाली डॉमिनोचा डाव आणि सोंगटी आपटण्याचा असा आवाज की झोपलेले मूल दचकून उठावे. रविवारी भात शिजतो तो नारळाच्या दुधात राजमा घालून; नाताळात मात्र राजम्याऐवजी तुरीचे दाणे पडतात. आपल्या शेताच्या बांधावरची तूर तिकडे नाताळाच्या ताटात असते, हे वाचून आम्हांस मौज वाटली.

पुढे हेच लोक परदेशी गेले. २२ जून १९४८ रोजी विंडरश नावाचे जहाज इंग्लंडमधील टिलबरी बंदरास लागले. त्यातून उतरलेल्यांत जमैकाचे लोक पुष्कळ होते. इंग्लंडला कामगार हवे होते, परंतु शेजारी नको होते. भाड्याची खोली मिळेना, अनेक करमणुकीच्या ठिकाणी दार बंद. तेव्हा त्यांनी आपली करमणूक आपणच उभी केली. घराच्या तळघरात गाणे-नाचणे होऊ लागले, प्रार्थनामंडळे जमली, आणि उन्हाळ्यात मंडळामंडळांनी मोटारगाड्या ठरवून समुद्रकाठच्या सहली निघू लागल्या; पहाटे उठून शिजविलेल्या भाताची पातेली मांडीवर घेऊन. पैसा कोठून येई? त्यांच्यात 'पार्डनर' नावाची रीत आहे. दहा-वीस जणांनी आठवड्याला ठरावीक रक्कम एका विश्वासू माणसाकडे द्यावयाची आणि पाळीपाळीने एकाने सारी उचलावयाची. हिला आपण भिशी म्हणतो. भिशीवर त्या लोकांनी इंग्लंडमध्ये घरे घेतली. आमच्या लिंबायतच्या भगिनींनी भिशीवरच या सहलीचा टेम्पो ठरविला होता. वडीलधाऱ्या गृहस्थांच्या वह्यांस त्यामुळे धक्का लागला नव्हता, हे येथे नमूद केले पाहिजे.

आता टेम्पोविषयी. हे लिहिणे आम्हांस जड जाते, तथापि लिहितो.

दोन वर्षांपूर्वी याच तालुक्यातील टिंबा येथे, गलतेश्वराजवळच्या नदीकाठी, आम्ही अशीच एक सहल नेली होती. परतताना टेम्पो भरला होता. दोन कुटुंबे मागे राहिलेली पाहून चालकाने आमच्याकडे पाहिले. संध्याकाळ झाली होती, मुले पेंगत होती आणि आम्हांस घाई होती. "चालेल, बसतील," असे आम्ही म्हणालो. हे शब्द आमचेच होते, चालकाचे नव्हते. पुढे एका वळणावर मागच्या फळीशी टेकून उभा असलेला आठ वर्षांचा मुलगा खाली पडला. हात मोडला, जीव वाचला. त्याच्या आईने आम्हांस एका शब्दाने दोष दिला नाही. तिने बोल लावला असता तर आम्हांस अधिक बरे वाटले असते.

त्यानंतर अन्यत्र सहलींवर काय प्रसंग ओढवले ते आम्ही शोधू लागलो, आणि पुन्हा जमैकाच समोर आली. तेथील किंग्स्टन शहरात संत आन्नेच्या नावाचे कॅथोलिक मंदिर आहे. १ सप्टेंबर १९५७ या रविवारी त्या धर्मग्रामाच्या पवित्र नाम मंडळाने बेटाच्या दुसऱ्या टोकाला, माँटेगो बे येथे, आगगाडीने सहल नेली. सहल लोकप्रिय होती. बारा डबे, दोन डिझेल इंजिने आणि सुमारे १,६०० माणसे. म्हणजे एकेका डब्यात सव्वाशेच्या वर. दिवस समुद्रावर गेला. रात्री परतताना केंडल गावाजवळच्या उतारावर गाडीचा वेग आवरेना आणि डबे रुळांवरून उसळून एकमेकांवर आदळले. सुमारे २०० माणसे मेली, ७०० जखमी झाली. कित्येकांची ओळखही पटली नाही. त्यांना तेथेच सामुदायिक खड्ड्यात मूठमाती दिली. ब्रेकच्या हवानळीवरील एक तोटी बंद होती, असे चौकशीत पुढे आले. तोटी हाताएवढी. गर्दीने अपघात घडविला असे म्हणता येणार नाही. परंतु डब्यात दाटीवाटीने उभ्या माणसांमुळे मृत्यूची संख्या किती वाढली असेल, याची कल्पना कोणीही करावी.

संत आन्नेच्या धर्मगुरूंच्या जागी आम्ही स्वतःस पुष्कळदा ठेवून पाहिले. सकाळी ज्यांना हसतमुखाने गाडीत बसविले, त्यांची नावे दुसऱ्या दिवशी यादीत शोधावयाची! आणि आमच्याकडे तर टिंब्याच्या सहलीची यादीसुद्धा नव्हती.

म्हणून यंदा दोन टेम्पो ठरविले, आणि भिशीत दोन हप्ते अधिक पडले. जाताना आणि येताना माणसे मोजली. एक जण खाली उभा राहून नाव पुकारी, दुसरा वर खूण करी. पाण्यात उतरणाऱ्या मुलांवर चार तरुण नेमले होते, कारण उकाईतून पाणी सोडले की तापी सांगून वाढत नाही. ऑगस्ट २००६ मधील सुरतेचा महापूर आमच्या मंडळींनी डोक्याएवढ्या पाण्यात अनुभवला आहे. त्यांना समजवावे लागले नाही. तरुण प्रथम कुरकुरले. पोहायला आलेल्याने काठावर शिटी घेऊन उभे राहावयाचे, हे कोणास आवडेल? दुपारी मात्र त्यांनी पाळ्या लावून घेतल्या.

येताना उसाच्या फडाजवळ टेम्पो थांबले. रस्त्याच्या कडेला पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या खोपट्यांचा पडाव होता. नंदुरबार, धुळे आणि डांगाकडील माणसे दिवाळीच्या सुमारास येथे ऊसतोडणीस येतात आणि उन्हाळ्यात परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, मजुरी टनावर मिळते, मुकादमाची उचल आधीच घेऊन झालेली असते आणि मालमोटार येईल तेव्हा, रात्रीबेरात्रीही, ऊस भरावा लागतो. जमैकाचे मजूरही १९४३ पासून पन्नासएक वर्षे असेच हंगामापुरते अमेरिकेतील फ्लोरिडात ऊस तोडावयास जात. पडावातील मुले आमच्या टेम्पोतील फुगे पाहत उभी होती. आमच्यातील एका बाईंनी उरलेल्या पुऱ्या दिल्या. तेव्हा पडावातील एक म्हातारी अहिराणीत म्हणाली की पुऱ्या नकोत, भरीत असेल तर द्या. भरीत संपले होते.

टेम्पोत त्यावर बोलणे झाले. होळीला ही माणसे चार दिवस गावी जाण्याचा हट्ट धरतात. एरव्ही त्यांना सुट्टी अशी नाहीच. तेव्हा माघारी फडावरच जावयाचे, वांगी आणि काड्या आपण न्यावयाच्या, आणि ज्या संध्याकाळी मालमोटार नसेल ती त्यांनीच ठरवावयाची, असे मंडळींनी ठरविले. वडीलधारे गृहस्थही टेम्पोत होते. ते शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. फक्त उतरताना त्यांनी विचारले की त्या दिवशी बडगी कोण आणणार, कारण त्यांच्या घरची मोठी आहे.

एवढ्यावर ठरले असते, परंतु ज्या बाईंनी पुऱ्या दिल्या होत्या त्यांनी एक अट घातली. नदीकाठी त्या सकाळी आठ वाजल्यापासून चुलीजवळ होत्या आणि निघण्याची वेळ होईपर्यंत त्यांनी तापी पाहिली नव्हती. पुढच्या खेपेस वांगी पुरुषांनी सोलावीत. यादीच्या मागच्या बाजूस आम्ही ते लिहून घेतले आणि पहिले नाव आमचे घातले.