घरातले कागद : लेखांक ७ – जपानी नोट

मागच्या लेखांकात आपण सैनिकांची पेबुकं, म्हणजे पगाराची नोंदपुस्तकं, पाहिली. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेलेल्या जवानाच्या पेबुकात कधीकधी एक परकी नोटही निघते. वर इंग्रजीत ‘जपान सरकार’, किंमत मात्र रुपयांत. क्रमांकाच्या जागी बहुधा नुसती अक्षरं, पहिलं ‘बी’. तारीख नाहीच.

घरचे तिला ‘जपानची नोट’ म्हणतात, पण जपानच्या बाजारात ती कधी चाललीच नाही. १९४२ मध्ये ब्रह्मदेश घेतल्यावर जपानी लष्कराने ती तिथल्या लोकांच्या माथी मारली. ‘बी’ म्हणजे बर्मा. मलायाच्या डॉलरवर ‘एम’, फिलिपिन्सच्या पेसोवर ‘पी’. शेतकऱ्याचा तांदूळ उचलायचा, मजुराचे कष्ट घ्यायचे आणि बदल्यात हा कागद द्यायचा. नोटा वाढत गेल्या, माल आटत गेला, भाव भडकले. ही नोट म्हणजे लुटीची छापील पावती.

मग सैनिकाकडे ती राहिली कशी? मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकच्या लढाईत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. तिथे मेलेल्या जपानी अधिकाऱ्याजवळ सापडलेल्या नकाशाने इंफाळ-कोहिमावरच्या चढाईचा बेत उघड केला. असा कागद तडक वर पाठवावा लागे. खिशातल्या चार नोटांत कुणाला काय रस असणार! १९४५ मध्ये इंग्रज ब्रह्मदेशात परतले आणि त्या नोटांना बाजारातही कुणी विचारेना. उरली ती आठवण.

नाशिककरांना यात आणखी एक धागा सापडेल. ब्रह्मदेश १९३७ मध्ये हिंदुस्थानपासून वेगळा झाला, तरी त्याचं चलन रिझर्व्ह बँकच पाही. जपानी हटल्यावर हिंदुस्थानच्याच नोटांवर ‘ब्रह्मदेशाचं लष्करी प्रशासन’ आणि ‘फक्त ब्रह्मदेशात चलनी’ असा इंग्रजी मजकूर छापून त्या तिकडे चालवल्या. हिंदुस्थानच्या नोटा तेव्हा छापल्या जात त्या १९२८ पासून नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये. म्हणजे रंगूनच्या बाजारात जपानी कागदाची जागा घेतली ती आपल्या गावच्या कागदाने. जपान्यांनी हिंदुस्थानच्या हुबेहूब बनावट नोटाही काढल्या होत्या. त्यामुळे जलचिन्ह बदलावं लागलं, राजा सहाव्या जॉर्जचा एका बाजूने दिसणारा चेहरा समोरून छापावा लागला आणि नोटेत पहिल्यांदाच सुरक्षाधागा आला. आज आपण उजेडात धरून पाहतो तो धागा त्या युद्धातला आहे.

आता सगळे विचारतात तो प्रश्न : जपानी नोटेची किंमत किती? फार नाही. या नोटा पोत्याने छापल्या होत्या. खरी किंमत पेबुकाची, पत्रांची, पलटणीच्या नावाची. म्हणून नोट त्यांच्यापासून वेगळी काढू नका. लॅमिनेशन तर मुळीच नको, चिकटपट्टीही नको. आजोबांचं नाव, पलटण, नोट कुठून आली हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.