उन्हाची झळ आणि कामाचे तास

मे महिन्यात चंद्रपुरात पारा 45 अंशांपलीकडे गेला की बांधकामावरची घमेली दुपारी बाजूला पडतात आणि गवंडी सावली गाठतात. हा आळस नव्हे. श्रम करताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा सुमारे तीन चतुर्थांश भाग उष्णतेत जातो, आणि हवाच शरीराहून अधिक तापलेली असली की ती उष्णता बाहेर टाकण्यास घामाखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. माठाबाहेर झिरपलेले पाणी वाफ होताना जसे आतली उष्णता नेते, तसाच घाम त्वचेला निववतो. मात्र हवा दमट असेल तर तो वाळत नाही, नुसताच निथळतो, आणि हात मंदावतात. उष्म्यामुळे 2030 मध्ये भारतातील कामाचे 5.8 टक्के तास बुडतील, असा अंदाज आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2019 मध्ये मांडला होता.

ज्यांना परवडते ते वातानुकूलन यंत्र लावतात. हे यंत्र थंडावा निर्माण करत नाही, तर विहिरीतून पाणी उपसावे तशी खोलीतील उष्णता उपसून रस्त्यावर टाकते, आणि या उपशाला वीज लागते. 30 मे 2024 रोजी देशाची विजेची मागणी अडीच लाख मेगावॅटवर पोहोचली. यातील बहुतांश वीज कोळसा जाळून मिळते, आणि त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड ऊन आत येऊ देतो, पण जमिनीकडून परतणारी उष्णता अडवून धरतो. या वाढत्या उष्म्याचा भार सर्वांत आधी पंखाही नसलेल्या मजुरावर पडतो, हे अन्यायाचेच आहे. असाच कोळसा जाळणारे चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र 2920 मेगावॅट क्षमतेचे आहे. सावली गाठणाऱ्या गवंड्याची दुपारही त्याच चंद्रपुरातली.