तार पाड्यापर्यंत का पोहोचत नाही?

29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले. आज रेशनपासून शिष्यवृत्तीपर्यंत आधार लागते आणि त्याच्या पडताळणीला इंटरनेट. सातपुड्यातल्या पाड्यांवर अडते ते इथेच.

फायबरमध्ये मोठा खर्च तारेचा नसतो, चर खोदण्याचा असतो. समजा, एक किलोमीटर चराला 5 लाख रुपये लागले. शहरातल्या दाट मोहल्ल्यात तेवढ्या अंतरात 500 घरे असली, तर घरामागे 1,000 रुपये पडतात. धडगावकडे घरे आपापल्या शेतात विखुरलेली. तिथे 10 घरे असली, तर घरामागे 50,000! वर डोंगराचा खडक फोडायचा तो वेगळाच. 2011 च्या जनगणनेत मुंबईत चौरस किलोमीटरमागे सुमारे 20 हजार माणसे होती, नंदुरबार जिल्ह्यात 277.

म्हणूनच खासगी कंपन्या आधी दाट वस्तीत येतात. भारतनेट योजनेत सरकारी पैशातून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेले जाते. पण ग्रामपंचायतीपासून पाडे दूर असले, की शेवटचा महागडा टप्पा उरतोच.

पोस्टकार्ड मुंबईला जावो की धडगावला, दर एकच. दाट वस्तीचा पैसा विरळ वस्तीला हातभार लावतो. इंटरनेटलाही हाच न्याय हवा.