हप्ता एकाच खात्यातून, वजावट वेगवेगळी

स्वतःचा धंदा असला की आरोग्यविम्याचा हप्ताही बहुतेकदा धंद्याच्याच खात्यातून जातो आणि वर्षअखेरीस नफा-तोटा पत्रकात खर्च म्हणून नोंदला जातो. घोळ तिथेच होतो. समजा, कोल्हापुरात छपाईचा व्यवसाय करणाऱ्या एकाने वर्षभरात स्वतःच्या, पत्नीच्या आणि मुलांच्या विम्यासाठी २८,००० रुपये भरले. दोन कामगारांच्या विम्याचे १४,००० झाले. ६७ वर्षांच्या आईची औषधं आणि तपासण्या यांवर ४३,००० गेले. पैसे एकाच चालू खात्यातून गेले असले, तरी आयकर कायदा या तीन रकमांकडे तीन प्रकारे पाहतो.

कामगारांचे १४,००० हा सरळ धंद्याचा खर्च. पगार, भाडं, शाई, कागद यांच्याबरोबर तो नफ्यातून वजा होतो. हप्ता रोखीने भरलेला नसावा, एवढीच अट. करप्रणाली जुनी असो वा नवी, हा खर्च मिळतोच. मात्र कलम ४४एडीखाली उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवत असाल, तर तो वेगळा मागता येत नाही. सगळे खर्च त्या टक्क्यांत आलेच, असं कायदा मानतो.

घरच्यांच्या विम्याचे २८,००० ही मालकाची उचल. ते पत्रकातून काढायचे आणि एकूण उत्पन्नातून कलम ८०डीखाली वजावट मागायची. मर्यादा २५,००० रुपये, म्हणजे वरचे ३,००० सुटले. प्रतिबंधक आरोग्य तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत मिळतात असं ऐकून अनेकजण पावती जपून ठेवतात. पण ती रक्कम याच २५,००० च्या आत मोजली जाते. आपल्या छपाईवाल्याची मर्यादा हप्त्यातच भरली, त्याला त्या पावतीचा उपयोग नाही. ज्याचा हप्ता १८,००० आहे, त्याला आहे. तपासणीचे पैसे रोख दिले तरी चालतात. हप्त्याला ती सवलत नाही.

आईची बाब मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती सर्रास सुटते. पालकांसाठी मर्यादा वेगळी आहे: २५,०००, आणि वय साठ किंवा त्याहून अधिक असेल तर ५०,०००. साठीपुढच्या पालकांचा आरोग्यविमा नसेल, तर त्यांच्या उपचारांचा प्रत्यक्ष खर्चही याच ५०,००० पर्यंत धरता येतो. आई आपल्यावर अवलंबून असलीच पाहिजे असं नाही. पैसे मात्र चेक, कार्ड किंवा यूपीआयने दिलेले हवेत. रोज थोडी थोडी औषधं रोखीने आणणाऱ्या घरात ही वजावट हातची जाते. सासू-सासऱ्यांचा खर्च यात बसत नाही.

कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणं अशा ठरावीक आजारांसाठी कलम ८०डीडीबी वेगळं आहे: ४०,००० पर्यंत, रुग्ण ज्येष्ठ असेल तर १,००,००० पर्यंत. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांची चिठ्ठी लागते, आणि विम्यातून मिळालेली रक्कम वजा होते.

आता खरी मेख. ८०डी आणि ८०डीडीबी फक्त जुन्या करप्रणालीत मिळतात आणि २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते. जुनी हवी असेल, तर धंदेवाल्याने विवरणपत्राच्या मुदतीत फॉर्म १०-आयईए भरायचा. नोकरदाराला दरवर्षी निवड बदलता येते. धंद्याचं उत्पन्न असलेल्याला जुनीतून नव्यात एकदाच परतता येतं, मग धंदा चालू असेपर्यंत जुनीचं दार बंद.

म्हणून आधी आकडेमोड. छपाईवाल्याचा २०२५-२६ चा नफा ९ लाख धरू. जुन्या प्रणालीत ८०सीचे दीड लाख आणि ८०डीचे ६८,००० वजा केल्यावरही कर सुमारे ५१,००० रुपये येतो. नव्यात, १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे, शून्य. या माणसाने ८०डीसाठी जुनी प्रणाली धरली तर तो नुकसानच करून घेईल.

विमा घेण्याचं कारण उपचारांचा खर्च हेच असावं. कराचा प्रश्न त्यानंतरचा. फॉर्म १०-आयईए भरण्यापूर्वी आपल्या सीएकडून दोन्ही प्रणालींचा कर कागदावर मांडून घ्या.